विरजणाचं पाणी

पोरी, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तुझा गळा दाटला होता. वाढदिवसाला कुणीतरी दिलेल्या गोल बरणीतल्या दोन गोल्डफिशपैकी एक वर येऊन नुसता तोंड उघडमीट करतोय, आजी काय करू, असं विचारत होतीस. मी घाईत दोनच गोष्टी सांगितल्या, खाणं बंद कर आणि थोडं पाणी बदल. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले.

लातूरच्या या घरात मी 22 वर्षं हे मासे सांभाळते आहे. शाळेत विज्ञान शिकवत होते तरी सुरुवातीला ढीगभर चुका केल्या, आणि प्रत्येक चुकीची किंमत एखाद्या माशाने दिली. तुझ्या माशांवर ती वेळ येऊ नये.

एक खूणगाठ आधी बांधून घे. आपण मासा पाळत नाही, पाणी पाळतो. पाणी नीट राहिलं की मासा त्याचं तो जगतो.

ती बरणी आधी बाजूला कर. तिच्यात जेमतेम चार-पाच लिटर पाणी मावतं, गळ्यापर्यंत भरली की हवेला लागणारा पृष्ठभाग ताटलीएवढा उरतो, आणि फिल्टर बसवायला जागा नाही. मासा वर येऊन तोंड उघडतो तो भूक लागली म्हणून नव्हे, त्याला श्वास पुरत नाही म्हणून. इटलीतल्या रोम शहराने 2005 मध्ये गोल्डफिशला असल्या गोल भांड्यात ठेवायलाच बंदी घातली. तुझ्या बरणीत तांदूळ भरून ठेव, नाहीतर मनी प्लांट लाव.

गोल्डफिश म्हणजे नाजूक, दोन बोटांएवढा, वर्षभर जगणारा जीव, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. तो आहे कार्प कुळातला, म्हणजे तुमच्या गोदावरीतल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वी साध्या करड्या कार्पमधून निवडून निवडून लोकांनी हा सोनेरी मासा तयार केला. सरळ शेपटीचा, सडपातळ, ज्याला दुकानदार कॉमेट म्हणतात, तो फूटभर वाढू शकतो. तो हौदात शोभतो. तुझे आहेत दुहेरी शेपटीचे, पोटाने गोल, ओरांडासारखे. ते वीतभर होतात आणि नीट ठेवले तर 10 ते 15 वर्षं जगतात. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका घरात 1956 साली जत्रेत जिंकलेला गोल्डफिश 1999 पर्यंत जगला, 43 वर्षं. तू आता सातवीत आहेस. हे मासे तुझ्या कॉलेजच्या निकालापर्यंत सोबत असू शकतात, एवढा लांबचा विचार करूनच टाकी घ्यायची.

दोन माशांसाठी 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काचवाल्याकडून करून घे. तयार टाक्या उंच आणि अरुंद असतात, दिसायला छान. पण माशाला आडवी जागा लागते आणि पाण्याला रुंद तोंड लागतं. या मापात काठोकाठ 190 लिटर मावतं, आपण 180 भरायचं. काच 10 मिलीमीटरची घ्यायला सांग, वरून आडव्या पट्ट्या मारायला सांग. सिलिकॉन नीट वाळू दे, मग घरात नेण्याआधी दोन दिवस अंगणात किंवा गच्चीवर भरून ठेव. गळायची असेल तर तिथेच गळेल. ते पाणी झाडांना जाईल.

पाणी, काच, दगड धरून हे ओझं 240 किलोच्या घरात जातं. तुझ्या बाबांना सांग, शोकेसवर किंवा टीपॉयवर ठेवायचं नाही. लोखंडी अँगलचा कमरेएवढा स्टँड, भिंतीला लागून, पाणसळ लावून सपाट केलेला, आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या घरातलं फळीवरचं एकही भांडं जागेवर राहिलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी जड वस्तू उंचावर ठेवलेली नाही. तुमच्या नांदेडला 2024 मध्ये हिंगोलीकडून बसलेले धक्के तुला आठवत असतील. म्हणून स्टँड बुटका, पाय फाकलेले, आणि टाकी पलंगाजवळ नको.

आता खरं गुपित. टाकी भरली, फिल्टर लावला, मासे सोडले, आणि आठव्या-दहाव्या दिवशी मासे मेले, असं आपल्याकडे दहातल्या सात-आठ घरांत होतं. मग लोक म्हणतात, दुकानातलेच मासे वाईट होते. कधी असतीलही, पण बहुतेक वेळा पाणी कच्चं असतं.

कच्चं म्हणजे काय, ते सांगते. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो, आणि तो माशाला विष आहे. फिल्टरच्या स्पंजात दोन प्रकारचे जिवाणू हळूहळू वस्तीला येतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, तेही विषच. दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. तुझ्या पणजोबांच्या शेतात युरिया पडला की मातीतले याच जातकुळीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करून ज्वारीच्या मुळांना देतात. टाकीतही तेच शेत चालू असतं. फक्त हे शेत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच दिवशी माशांना त्यात उतरवतो.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. दुधाचं दही करायला काय करतो? कालच्या दह्याचं विरजण लावतो. तसंच जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये पिळायचा किंवा तुकडा कापून बसवायचा. त्यात जिवाणू तयारच असतात. सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. विरजण मात्र ओळखीच्या टाकीतलंच घ्यावं, जिथे मासे आजारी नाहीत. दुकानातल्या टाकीतलं घेऊ नये, जिवाणूंबरोबर रोगही येतो.

तुझे मासे तर आधीच घरात आहेत, त्यामुळे टाकी विरजेपर्यंत रोज पाव टाकी पाणी बदलायचं आणि खाणं चिमटीच्याही निम्मं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचा थेंबांचा संच मागवून घे. पाणी दिसायला आरशासारखं असतं तेव्हाही त्यात विष असू शकतं, डोळ्यांना ते कळत नाही. दोन्ही आकडे शून्यावर येऊन आठवडाभर टिकले की टाकी विरजली. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाव भाग, म्हणजे तीन बादल्या पाणी बदललं की पुरे. स्पंज काळा झाला तर काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा दाबून घे. नळाखाली धुतलास तर क्लोरीन जिवाणूंना मारतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साबण तर टाकीच्या जवळपासही नको. बादली, मग, नळी हे सगळं वेगळं ठेव आणि त्यावर रंगाने खूण कर, म्हणजे कामवाल्या मावशी त्यात कपडे भिजवणार नाहीत.

आपल्या पाण्याबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण पुस्तकात हे दुसऱ्या देशाच्या पाण्याचं लिहिलेलं असतं. आपल्याकडे काळा पाषाण, बोअरचं पाणी जड. तोटीवर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. लोकांना वाटतं असलं पाणी माशाला चालणार नाही, आणि ते जारचं आरओ पाणी विकत आणून टाकीत ओततात. चूक आहे ते. गोल्डफिशला जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. आरओमध्ये क्षार काढून टाकलेले असतात, त्यामुळे पाण्याचा तोल धरून ठेवणारं काही उरत नाही आणि सामू अचानक घसरतो. जारचं पाणी आपण प्यावं. चवीला खारं लागणारं बोअरचं पाणी मात्र वापरू नये. बोअरचं ताजं पाणी गुदमरलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून रात्रभर उघड्या टबात ठेवून, जमल्यास हवेचा दगड सोडून मगच वापरायचं.

जड पाण्याचा एक धोकाही आहे, तो विसरू नकोस. सामू जितका चढा आणि पाणी जितकं गरम, तितका तोच अमोनिया जास्त जहाल. म्हणजे आपल्या भागात, आपल्या उन्हाळ्यात, कच्च्या टाकीला माफी नाही.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात जास्त. मी एकदा घाईने टँकरच्या पाण्याने थेट टाकी भरली होती; संध्याकाळपर्यंत माझा सहा वर्षांचा काळा मासा आडवा झाला. तेव्हापासून माझ्याकडे झाकण नसलेला एक मोठा टब कायम भरलेला असतो. 24 तास उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात; त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, पूर्वी फोटो धुणारे त्यालाच हायपो म्हणायचे. टब जास्त दिवस ठेवलास तर वर जाळी बांध, नाहीतर डास अंडी घालतील.

हे लिहिताना 2016 चा उन्हाळा आठवतोच. तू तेव्हा अगदी लहान होतीस. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली. शेजारच्या वहिनींनी मला तोंडावर विचारलं, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही माशांना पाणी देता? त्यांचा प्रश्न खरा होता. मी पाचांतले तीन मासे पुण्याला भावाकडे पोचवले. उरलेल्या दोघांचं खाणं अगदी कमी केलं, कारण कमी खाणं म्हणजे कमी घाण. चार दिवसांनी एक बादली टाकीत जायची आणि टाकीतून निघालेली बादली संडासात जायची. तिथे ती बादली एरवीही लागलीच असती. पाणी वाया जात नव्हतं, वाटेत एक मुक्काम करून पुढे जात होतं. वहिनींना हे दाखवलं, तेव्हापासून त्या स्वतःच सुट्टीच्या दिवशी माझ्या माशांना बघायला यायच्या.

म्हणून टाकीचं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. माझा कढीपत्ता आणि जास्वंद याच पाण्यावर पोसलेत. मनी प्लांटची वेल टाकीच्या काठावर अडकवून नुसती मुळं पाण्यात सोडलीस तर तीही नायट्रेट उचलते. पानं बाहेर राहू देत.

उन्हाळ्याचं काय, हा तुझ्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न. गोल्डफिशला 18 ते 24 अंश आवडतं, आणि नांदेडचा मे महिना 43-44 अंशांपर्यंत जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. म्हणून टाकी पत्र्याखालच्या खोलीत नको, पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. घरातली सगळ्यात आतली, अंधारी, थंड खोली निवड, जिथे आपण दुपारी वामकुक्षी घेतो. एप्रिल लागला की झाकण काढून जाळी ठेव आणि छोटा पंखा पाण्यावरून आडवा वारा मारेल असा लाव. रांजणाचं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने हेही दोन-तीन अंशांनी उतरतं. उडालेलं पाणी टबात उघडं ठेवलेल्या पाण्याने भरत राहा. फारच तापलं तर बाटलीत गोठवलेलं पाणी, बूच घट्ट लावून, वर तरंगत सोड. थेट बर्फ नको. तापमान हळूहळू उतरायला हवं, एका दुपारी चार-पाच अंशांची उडी माशाला सोसत नाही. उन्हाळ्यात खाणं सकाळीच, गारव्यात दे. थंडीचं टेन्शन घेऊ नकोस, याला हीटर लागत नाही.

वीज जाणार हे धरूनच चालायचं. हवेचा पंप इन्व्हर्टरवर घे, त्याला फार थोडी वीज लागते, किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप शेजारी ठेव. काहीच नसेल तर मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत टाकीत सोडत राहा. मी असे तास-तास काढलेत. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर टांग, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. वायर सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नकोस, आधी खाली झोका देऊन मग वर ने, म्हणजे थेंब झोक्यावरून खाली पडतो, बटणात जात नाही. आणि टाकीत हात घालण्याआधी सगळे स्विच बंद. हे मला वचन दे.

हाच पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, हे लक्षात ठेव. डासांची कॉइल, फवारा, दिवाळीआधीचा रंग, गल्लीत येणारी धुराची गाडी, हे सगळं त्या हवेबरोबर पाण्यात जातं. धुराची गाडी ऐकू आली की खिडक्या लाव, पंप बंद कर, टाकीवर ओली चादर टाक, आणि धूर ओसरला की सगळं पूर्ववत कर.

टाकीत फार काही मांडू नकोस. रंगीत खडी नको, रंग सुटतो; आणि माशाच्या तोंडात मावेल एवढा खडा नेमका त्याच्या घशात अडकतो. गोदावरीची वाळू दहा पाण्यांनी धुऊन बोटभर थर दे, किंवा तळ मोकळाच ठेव. शोभेला काळ्या पाषाणाचे गुळगुळीत गोटे चालतील. दुकानदार काच साफ ठेवायला सकर फिश देईल, नको म्हण. त्याला कोमट पाणी लागतं, आणि रात्री तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खातो.

खाण्याबाबत माझं म्हणणं सगळ्यांना कठोर वाटतं. गोल्डफिशला खरं जठर नसतं, अन्न साठवायची सोय नाही. समोर येईल ते तो खात राहतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दाणे आधी पाण्यात भिजव, तरंगणारे कोरडे दाणे खाताना हवाही पोटात जाते आणि मासा कलंडतो. तसा कलंडला तर दोन दिवस उपास, मग उकडलेला मटार साल काढून चुरून दे. एरवीही आठवड्यातून एक दिवस उपास पाळ, मी सोमवार पाळते. आपल्याकडचे शेतकरी जनावरांसाठी अझोला लावतात, तो ओंजळभर आणून सोड, मासे दिवसभर चरतात. पोळी, बिस्किट, मुरमुरे कुणालाही टाकू देऊ नकोस. दिवाळीला लातूरला याल तेव्हा चार-पाच दिवस काही न देता मासे मजेत राहतात. शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा कधीच देऊ नये. द्यायचंच असेल तर दिवसाची एक अशा पुड्या बांधून द्याव्यात.

मासा सुस्त दिसला की दुकानातून निळं औषध आणून ओतायची घाई असते सगळ्यांना. आधी पाणी मोज, मग पाणी बदल, मग एक दिवस बघ. दहातले आठ आजार पाण्याचेच निघतात. नराच्या कल्ल्यांवर आणि पुढच्या परांवर थंडी सरताना रव्यासारखे पांढरे ठिपके येतात. ते विणीच्या दिवसांची खूण आहे, रोग नव्हे. तेच ठिपके अंगभर, शेपटीभर पसरले आणि मासा दगडाला अंग घासू लागला तर मात्र मला लगेच फोन कर.

आणि कधी नकोसे झाले, जागा बदलली, काहीही झालं, तरी मासे गोदावरीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडायचे नाहीत. आपल्याला ते पुण्याचं काम वाटतं. हा परका मासा तळ ढवळतो, पाणवनस्पती उपटतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, आणि आपल्या टाकीतला रोग बाहेर नेतो. नको असतील तर माझ्याकडे आण.

रविवारी सकाळच्या बसने मी अहमदपूर-लोहामार्गे निघते आहे. माझ्या टाकीतला स्पंज टाकीच्याच पाण्यात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात घेऊन येईन. टाकी तोवर झाली नाही तरी हरकत नाही, घरातला धान्य धुवायचा मोठा प्लास्टिकचा टब चालेल. साबण न लावता नुसत्या पाण्याने घासून ठेव. मासे बरणीतून त्यात आजच हलव, आजच्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब घालून. चार बादल्या पाणी आज रात्रीच उघडं भरून ठेव आणि रविवारपर्यंत रोज एक बदल. तोवर खाणं अजिबात देऊ नकोस, कितीही तोंड उघडलं तरी.